हिरवा ठिपका निळा का झाला? रंगीत प्रिंटरची दुखणी आणि घरचे उपाय

आज आपण एका यंत्राबद्दल बोलणार आहोत. आता बऱ्याच गटांच्या कार्यालयात, ग्रामसंघाच्या खोलीत किंवा एखाद्या वहिनींच्या ओटीवर हे यंत्र आलेलं आहे. ते म्हणजे रंगीत प्रिंटर. ठरावाची प्रत काढायची, बँकेचा अर्ज काढायचा, पापडाचं लेबल छापायचं, सगळं त्याच्यावर. नवा असतो तोवर लाडका. एक दिवस त्याचे रंग बिघडतात, आणि मग कुणी म्हणतं शाई संपली, कुणी म्हणतं यंत्रच गेलं, कुणी म्हणतं नवा घ्या.

आमच्या गटाचंही असंच झालं. आधी आमची फजिती सांगतो, कारण त्यातूनच आम्ही शिकलो.

महाशिवरात्रीला मंचरहून घोडेगाव, डिंभ्यावरून भीमाशंकरला जाणाऱ्यांची रीघ लागते, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या गर्दीसाठी आम्ही नाचणीचे पापड आणि हिरड्याची पूड पाकिटांत भरली होती. लेबल गटाच्याच प्रिंटरवर छापायचं ठरलं. लेबलावर वर हळदीसारखा पिवळा पट्टा, मध्ये लाल अक्षरात गटाचं नाव आणि कोपऱ्यात शाकाहाराची हिरवी खूण. रात्री दिवा गेला, परत आला, घाईघाईत दोनशे लेबलं छापून झाली आणि दीडएकशे पाकिटांवर चिकटवूनही झाली. बल्बच्या उजेडात कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

सकाळी एका दुकानदाराकडे माल घेऊन गेलो. त्याने पाकीट हातात घेतलं आणि म्हणाला, "ताई, हा ठिपका हिरवा नाही, निळा आहे. मी नाही ठेवणार. उद्या कुणी तपासणीला आलं तर मी काय सांगू?" उन्हात नेऊन बघितलं तर खरंच. ठिपका निळा, लाल अक्षरं राणी रंगाची आणि पिवळा पट्टा तर जवळजवळ गायब. लेबलं ओढून काढताना निम्मी पाकिटं फाटली. सणाचा दिवस हातचा गेला.

दुकानदाराचं चुकलं नव्हतं. खाण्याच्या पाकिटावर शाकाहाराची खूण म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल, असा नियमच आहे. मांसाहारी पदार्थासाठी तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. २०२० च्या लेबलविषयीच्या नियमांत हे दिलेलं आहे. पाकिटाची दर्शनी बाजू १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर गोल किमान ३ मिलिमीटर व्यासाचा हवा आणि चौकटीची बाजू त्याच्या दुप्पट. म्हणजे रंग हा नुसता शोभेचा भाग नाही. उपवास करणारी बाई, न वाचता येणारी आजी, त्या ठिपक्याच्या भरवशावर पाकीट उचलते.

चार रंगांत सगळी रांगोळी

आता हिरवा निळा कसा झाला ते समजून घेऊ. तुमचा प्रिंटर शाईच्या टाक्यांचा असेल तर समोर किंवा बाजूला चार टाक्या दिसतील. एकीत काळी शाई, एकीत पिवळी, एकीत आकाशी निळी आणि एकीत राणी रंगाची. बाटलीवर आकाशी निळ्याला सायन आणि राणी रंगाला मॅजेन्टा लिहिलेलं असतं. पाचवी टाकी नाही. मग हिरवा, लाल, जांभळा, चॉकलेटी कुठून येतो? मिसळून येतो. हळदीत नीळ मिसळली की हिरवट होतं, हे आपण पाहिलेलं आहे. प्रिंटरही तेच करतो. शाई तो वाटीत कालवत नाही. कागदावर बारीक बारीक ठिपके शेजारी शेजारी आणि एकावर एक टाकतो, आणि लांबून आपल्या डोळ्यांना त्यांचा एक रंग दिसतो.

पिवळा आणि आकाशी मिळून हिरवा. पिवळा आणि राणी मिळून लाल. आकाशी आणि राणी मिळून गडद निळा, जांभळा. एवढं पाठ झालं की निम्मं निदान घरबसल्या करता येतं. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

हिरवा निळसर पडला आणि लाल राणी रंगाचा झाला, तर पिवळा येत नाही.

लाल टोमॅटो पिवळा दिसला आणि जांभळं वांगं आकाशी झालं, तर राणी रंग येत नाही.

हिरवी कोथिंबीर पिवळी पडली, निळं आभाळ गुलाबी झालं आणि फोटोतली माणसं लालबुंद दिसली, तर आकाशी येत नाही.

रंगीत चित्र बरं येतं पण अक्षरं फिकी किंवा तुटक, तर काळ्याचं दुखणं.

आमच्या लेबलाचं गणित यात बसवून बघा. ठिपका निळा, अक्षरं राणी, पट्टा गायब. तिन्ही खुणा एकाच रंगाकडे बोट दाखवत होत्या, ती म्हणजे पिवळी शाई. टाकीत तर ती अर्ध्याच्या वर होती. मग ती कागदावर का येत नव्हती?

शाई वाळते कुठे

टाकीतून शाई बारीक नळ्यांनी हेडपर्यंत येते. हेड म्हणजे कागदावरून डावी-उजवीकडे पळणारा भाग. त्याच्या खालच्या अंगाला शेकडो छिद्रं असतात, केसापेक्षाही बारीक. त्यांना नोझल म्हणतात. पेनाचं टोपण उघडं राहिलं की निब सुकते, तसंच या छिद्रांचं होतं. आपल्याकडे होळीनंतर उन्हाळ्याचा कोरडा वारा सुटला की हे लवकर होतं.

आमच्याकडून दोन चुका झाल्या होत्या. पहिली, दिवाळीच्या लेबलांनंतर आम्ही एकही रंगीत पान छापलं नव्हतं. अर्ज, ठराव, हजेरी, सगळं काळ्यात. काळी प्रिंट रोज नीट निघत होती, म्हणून प्रिंटर ठणठणीत आहे असं आम्ही धरून चाललो. पिवळी शाई मात्र नोझलच्या तोंडाशी तीन महिने बसून होती.

दुसरी चूक त्याहून मोठी, आणि ती बहुतेक गटांत होते. संध्याकाळी खोली बंद करताना आम्ही भिंतीवरच्या बोर्डाचं बटन बंद करायचो. प्रिंटरचं स्वतःचं बटन दाबून तो बंद केला, तर तो हेड एका कोपऱ्यात नेऊन ठेवतो. तिथे रबराचं झाकण असतं, ते हेडवर घट्ट बसतं आणि शाई सुकत नाही. छपाई चालू असताना बोर्डाचंच बटन बंद केलं किंवा दिवा गेला, तर हेड वाटेत आहे तिथेच उघडं राहतं. म्हणून आधी प्रिंटरचं बटन, त्याचा आवाज आणि लुकलुकणारा दिवा थांबू द्यायचा, मग बोर्डाचं बटन. छापताना वीज गेली असेल, तर ती आल्यावर प्रिंटर चालू करायचा आणि लगेच त्याच्या बटनाने बंद करायचा. हेड आपल्या जागी जाऊन बसतं.

आधी तपासणी, मग औषध

रंग बिघडलेले दिसल्यावर आम्ही काय केलं? कॉम्प्युटरवर हेड क्लिनिंग असं काहीतरी दिसलं, ते सात-आठ वेळा लागोपाठ दाबलं. टाक्यांतली शाई बोटभर खाली गेली आणि पिवळा काही आला नाही. फोनवर एका दुरुस्तीवाल्याला विचारलं, तो न बघताच म्हणाला, "हेड गेलं, बदलावं लागेल." हेडचा खर्च ऐकून गटाची बैठकच बसली. गटातल्या एका काकूंची सून कॉलेजात जाते. तिने एकच प्रश्न विचारला, "नोझल चेक काढलं का?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

ताप आला की आधी तापमान बघतो, मग गोळी. नोझल चेक म्हणजे प्रिंटरचा ताप मोजणं. कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये मेंटेनन्स नावाचा भाग असतो, त्यात हे मिळतं. काही प्रिंटरवर बटनं ठरावीक रीतीने दाबूनही निघतं. ती रीत प्रिंटरसोबतच्या पुस्तिकेत दिलेली असते, म्हणून पुस्तिका टाकून देऊ नका. साध्या कागदावर चार रंगांच्या बारीक रेघांची नक्षी येते. प्रत्येक रंगाच्या सगळ्या रेघा सलग आल्या तर हेड चांगलं आहे. रेघा मध्ये तुटल्या, गळाल्या, तर त्या रंगाची छिद्रं बुजली आहेत.

पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर नीट दिसत नाहीत, आणि म्हणूनच पिवळ्याचं दुखणं सर्वांत उशिरा कळतं. कागद उन्हात न्या. चॉकलेटचा पारदर्शक निळा कागद असेल तर त्यातून बघा, पिवळ्या रेघा काळपट आणि ठळक दिसतात. आमच्या कागदावर काळ्या, आकाशी, राणी रेघा पूर्ण होत्या. पिवळ्या निम्म्या गायब.

आता क्लिनिंगची रीत. एकदा हेड क्लिनिंग करायचं, लगेच नोझल चेक काढायचं आणि आधीच्या कागदाशेजारी ठेवून बघायचं. सुधारणा दिसली तर पुन्हा एकदा. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर फरक थांबला, तर आपणही थांबायचं. प्रिंटर त्याच्या बटनाने बंद करून रात्रभर तसाच ठेवायचा. सुकलेली शाई ओली होऊन सुटायला वेळ लागतो, नळीतला हवेचा बुडबुडाही वर सरकतो. सकाळी एक क्लिनिंग, एक तपासणी. आमचं हेड असंच सुटलं. रात्रभर विश्रांती, सकाळी एक क्लिनिंग आणि पिवळ्या रेघा सलग. "गेलेलं" हेड आजही चालू आहे.

लागोपाठ क्लिनिंग का करू नये? एक तर प्रत्येक वेळी चारही टाक्यांतली शाई ओढली जाते. दुसरं, ती शाई प्रिंटरच्या आत एका स्पंजासारख्या पॅडमध्ये जाऊन बसते. ते पॅड भरलं की प्रिंटर छापणंच थांबवतो आणि तसा निरोप दाखवतो. मग पॅड बदलावं लागतं. काही प्रिंटरमध्ये पॉवर क्लिनिंग नावाचं जोरकस क्लिनिंग असतं. ते अगदी शेवटचं औषध. टाक्यांत शाई कमी असताना ते करायचं नाही, कारण शाईऐवजी हवा ओढली जाते. प्रत्येक टाकी निदान एक तृतीयांश भरलेली हवी.

काही गोष्टी मात्र कधीच करू नका. हेडमध्ये सुई किंवा टाचणी घालायची नाही. गरम पाणी, स्पिरिट, रॉकेल ओतायचं नाही. केस वाळवायच्या मशिनचा वारा मारायचा नाही. टाकी खालच्या रेघेच्या खाली जाऊ द्यायची नाही. एका रंगाची शाई चुकून दुसऱ्या टाकीत पडली, तर "थोडीच पडली" म्हणून छापत बसायचं नाही. तिथेच थांबायचं आणि जाणकाराकडून टाकी व नळी साफ करून घ्यायची. आणि दोन वेगवेगळ्या जातीची शाई एका टाकीत मिसळायची नाही. तशी मिसळली की शाई आतच फुटू शकते.

हेड चांगलं, तरी रंग वाईट

नोझल चेक पूर्ण आलं आणि तरीही प्रिंट फिकी, तर हेडला हात लावायचा नाही. दोष बाहेर शोधायचा.

पहिला संशय सेटिंगवर. शाई वाचवायला कुणीतरी ड्राफ्ट निवडून ठेवलेलं असतं. ड्राफ्ट म्हणजे कच्ची, विरळ छपाई. हिशोबाच्या पानाला ठीक, लेबलाला नाही. कुणीतरी ग्रेस्केलवर खूण केलेली असते, मग रंग येतच नाही, सगळं करडं. लेबल छापताना क्वालिटी हाय ठेवा आणि रंगीत छपाई निवडलेली आहे ना ते बघा.

दुसरा संशय कागदावर. प्रिंटरला आपण कोणता कागद घातला हे सांगावं लागतं. चकचकीत स्टिकरचा कागद घालून सेटिंग साध्या कागदाचं ठेवलं, तर रंग मरतात किंवा शाई वर तरंगून पुसली जाते. स्टिकर आणि फोटोच्या कागदाला छापायची एकच बाजू असते. कोपऱ्यावर ओलं बोट हलकेच टेकवा, जी बाजू किंचित चिकट लागते ती बहुधा छापायची. स्टिकर घेताना दुकानात "शाईच्या प्रिंटरचा द्या" असं सांगूनच घ्या.

तिसरा संशय आपल्या पावसावर. आंबेगावच्या आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात आषाढ-श्रावणात घरातलं मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात. मग उघडा कागद कोरडा कसा राहील? दमट कागदावर शाई पसरते, हिरवा मातकट दिसतो, अक्षरांना मिशा फुटतात, आणि कागद वळून आत अडकतो. कागदाचं पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा. लागेल तेवढाच काढा. रात्रभर प्रिंटरच्या ट्रेमध्ये कागद ठेवू नका.

चौथा, अक्षरं दुहेरी दिसतात, लाल रेघेला शेजारी पिवळी सावली पडते. हे रंग कमी असल्याचं लक्षण नाही, हेडची चाल थोडी हलली आहे. मेंटेनन्समध्येच अलाइनमेंट असतं. ते एक नमुन्याचं पान काढतं, त्यातला सर्वांत सलग दिसणारा चौकोन निवडून नंबर द्यायचा.

पाचवा संशय मोबाइलवर. "फोनमध्ये किती छान दिसत होतं!" असं आपण म्हणतो. फोनचा पडदा आतून उजेड टाकतो, कागद उजेड टाकत नाही. पोपटी, झगमगता केशरी, असे काही रंग पडद्यावर दिसतात पण चार शायांतून कागदावर तसे उतरतच नाहीत. त्यात यंत्राचा दोष नाही. लेबलासाठी थोडे गडद, साधे रंग निवडा. आणि व्हॉट्सअपवर लेबल मागवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवलं की तो बारीक केला जातो आणि अक्षरांच्या कडा धूसर होतात.

पावडरचा प्रिंटर असेल तर

काही कार्यालयांत लेझर प्रिंटर असतो. त्यातून कागद गरम गरम बाहेर येतो. त्यात शाई नसते, टोनर नावाची बारीक रंगीत पावडर असते. ती वाळत नाही, म्हणून हेड क्लिनिंगचा प्रश्नच नाही. तिथे एखादा रंग फिका पडला तर टोनर संपत आला असेल. कार्ट्रिज काढून आडवं धरून हलकेच पाच-सहा वेळा हलवलं तर थोडे दिवस निभतं. ठरावीक अंतरावर तोच डाग पुन्हा पुन्हा येत असेल तर ड्रम किंवा एखादा रोलर खराब आहे. पावडर बोटाने पुसली जात असेल तर ती कागदावर नीट भाजली गेलेली नाही, मग कागदाचा प्रकार सेटिंगमध्ये बरोबर द्या. रंग एकूणच सरकले असतील तर प्रिंटरच्या मेनूतून कॅलिब्रेशन करा. आणि एक सावधगिरी. शाईच्या प्रिंटरचा स्टिकर लेझरमध्ये घालू नका. आतल्या उष्णतेने गोंद वितळून रोलरला चिकटतो, आणि मग दुरुस्ती महागात जाते.

छापलेला रंग टिकतो का

लेबल चांगलं छापलं, पण पाकीट उन्हात ठेवलं आणि आठ दिवसांत रंग उडाला, असंही होतं. इथे आपल्या जुन्नरची एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुन्नरला एकेकाळी हाताने कागद तयार व्हायचा, पेशवाईच्या काळात जुन्नरी कागदाला मोठं नाव होतं. त्या काळचे पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद आजही वाचता येतात. काजळी आणि डिंकाची ती शाई. काजळीचे कण कागदावर बसून राहतात, उन्हाने उडत नाहीत.

आपला हिरडाही शाईच्या कामाचा. आवळा लोखंडी कढईत शिजवला की काळा पडतो, हे आपण जाणतो. हिरड्याचा तुरटपणा आणि लोखंड एकत्र आलं की तसाच काळा रंग तयार होतो. म्हणून कातडी कमावायला, कापड रंगवायला आणि शाई करायलाही हिरडा वापरत आले. ज्याची पूड आपण पाकिटात भरतो, त्याचं शाईशी नातं जुनं आहे.

आजच्या प्रिंटरच्या शाईतही दोन जाती आहेत. एकीत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, तिला डाय म्हणतात. ती चमकदार दिसते, पण पाणी लागलं की पसरते आणि उन्हात उडते. दुसरीत रंगाचे बारीक कण असतात, काजळीसारखे. तिला पिगमेंट म्हणतात. ती जास्त टिकते. बऱ्याच टाकीवाल्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि तीन रंग डाय असतात. तुमची शाई कोणती, हे बाटलीवर बघा. नाहीतर साधी परीक्षा करा. लेबल छापून चांगलं वाळू द्या आणि त्यावर ओलं बोट फिरवा. रंग पसरला तर डाय. मग लेबलावर पारदर्शक चिकटपट्टी लावा किंवा लेबल पाकिटाच्या आतल्या बाजूने घाला, आणि स्टॉलवर माल सावलीत मांडा. पण प्रिंटर डाय शाईसाठी बनलेला असेल तर त्यात मनानेच पिगमेंट ओतू नका, छिद्रं बुजतील.

मेकॅनिकला कधी बोलवायचं

चार-पाच दिवस विश्रांती देत देत क्लिनिंग करूनही एखादा रंग अजिबात येत नाही, नळीत शाईऐवजी लांब लांब रिकाम्या जागा दिसतात, किंवा शाई खाली गळते, तर जाणकाराला बोलवा. मात्र रिकाम्या हाताने नाही. नोझल चेकचे आधीचे आणि आताचे कागद तारीख टाकून ठेवा. तो "हेड गेलं" म्हणाला तर विचारा, "दादा, कोणता रंग गेला? या कागदावर दाखवा." जो कागदावर दाखवून सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवा. बदललेला जुना भाग परत मागा आणि पावती घ्या. यंत्र वॉरंटीत असेल तर बाहेरच्या माणसाकडून उघडू नका. दुसरीच शाई भरल्यामुळे वॉरंटीत अडचण येऊ शकते, तेही कार्डावर वाचा.

प्रिंटर दुरुस्तीला नारायणगावला किंवा मंचरला न्यायचा असेल तर तो आडवा-तिडवा करू नका. टाक्यांची झाकणं घट्ट बसवा, प्रिंटरला शाईची कळ असेल तर ती बंद करा, आणि पाण्याची भरलेली घागर नेतो तसा सपाट न्या. गाडीत तिरका पडला तर शाई नको तिथे जाते.

आमच्या भिंतीवरचा कागद

त्या महाशिवरात्रीनंतर आम्ही एक कागद लिहून प्रिंटरच्या वर भिंतीला चिकटवला. तोच तुम्हाला वाचून दाखवतो.

दर सोमवारी एक रंगीत पान छापायचं. त्यावर पिवळा, आकाशी, राणी, काळा, लाल, हिरवा, जांभळा असे सात चौकोन. पानावर तारीख टाकून फाइलला लावायचं.

बंद करताना आधी प्रिंटरचं बटन, मग बोर्डाचं.

महिन्यातून एकदा टाक्यांची पातळी बघायची. खालच्या रेघेला टेकायच्या आधी शाई भरायची.

प्रिंटरवर स्वच्छ कापड. मिरची-मसाला कांडायचं आणि पीठ दळायचं काम दुसऱ्या खोलीत. ती धूळ आत गेली की रोलर आणि हेड दोन्ही खराब.

लेबल छापताना आधी एकच छापायचं. ते दिवसाच्या उजेडात, बाहेर अंगणात नेऊन दोघींनी बघायचं. ठिपका हिरवा आहे का, तारीख आणि परवान्याचा १४ आकडी नंबर वाचता येतो का. दोघींनी होकार दिला की मगच बाकीची.

ही शेवटची ओळ आम्हाला सर्वांत महाग पडली, म्हणून ती लाल अक्षरात लिहिली आहे.

प्रिंटर कोण हाताळणार, यावरही आमच्यात बोलणं झालं. आधी तो एकीच्याच ताब्यात होता आणि बाकीच्या हात लावायला घाबरायच्या. आता दर महिन्याला दोघी, अशी पाळी लावली आहे. आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या मावशींना इंग्रजी अक्षर वाचता येत नाही. पण सोमवारच्या पानावरचे सात चौकोन बघून त्या लांबूनच सांगतात, "पिवळ्याला सर्दी झालीय गं." आणि बहुतेक वेळा ते खरं निघतं. रंग ओळखायला शाळा लागत नाही. रांगोळी भरलेले हात आपल्या सगळ्यांचेच आहेत.

पुढच्या बैठकीत आपल्या गटाच्या प्रिंटरचं नोझल चेक काढा. सगळ्यांनी मिळून तो कागद उन्हात बघा, आणि त्याच दिवशी सोमवारच्या पानाची फाइल सुरू करा. पैसा आपला आहे, एक एक रुपया साठवून उभा केलेला. न बघता "गेलं" म्हणणाऱ्याच्या शब्दावर तो घालवायचा नाही.

आज एवढंच. सगळ्यांना रामराम.